सोळाच्या हंगामातली तांबी

मालूने त्या दिवशी गणपती तिरळा केला. एक डोळा भक्ताकडे, दुसरा थेट पेणच्या रस्त्याकडे.

चहा उकळायच्या आत ही बातमी अख्ख्या जोहे गावात फिरली. कारण मालूची आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं, ही काही साधी गोष्ट नव्हती. ती डोळे काढायला लागल्यापासून धनेशच्या गणपतीच्या कारखान्यात मांजर फिरकत नसे. मांजराने दारातून डोकावलं की तीनशे मूर्ती एकदम त्याच्याकडे बघायच्या आणि ते थेट हमरापूर गाठायचं. उंदीर मात्र पोसले होते. त्यांच्याकडे त्या जरा मायेने बघत. हे मी कमी करून सांगतोय.

"वहिनी, बरं नाय काय?" धनेशने तिरळा डोळा पुसत विचारलं.

"बरी हाय," मालू म्हणाली आणि धुतलेला ब्रश पुन्हा धुतला.

पाळी आठ दिवस लांबली होती. आणि आदल्या संध्याकाळी, लेकीचा, किमयाचा, जन्मदाखला शोधताना पेटीच्या तळाशी दवाखान्याचं ते कार्ड सापडलं होतं.

आता जोह्यातलं साल काही जानेवारीत सुरू होत नाही. विसर्जन झालं, दोन दिवस पाठ टेकली, की माती मळायला घेतात आणि तिथून पुढच्या गणपतीचं साल लागतं. मालू रोह्याच्या दवाखान्यात जाऊन दिवस न राहण्याची तांबी बसवून आली ती सोळाच्या हंगामात. सिस्टरने बजावलं होतं, दहा वर्षं चालेल, मग बदलायची. मालूने मनात पक्कं केलं: सव्वीसचा गणपती पोचवला की जायचं. अजून मे चालू होता, सव्वीसच्या गणपतीला चार महिने होते. चुकण्यासारखं त्यात काही नव्हतं.

कार्डावर तारीख होती सात डिसेंबर २०१५. कारखान्यात तेव्हा सोळा लागलं होतं, सरकारात लागायचं होतं. मुदत संपून पाच महिने उलटले होते.

नवऱ्याला तिने रात्रीच सांगितलं. जितेश धाटावच्या कंपनीत शिफ्टला निघाला होता. "होईल काय ते," म्हणाला आणि डबा घेऊन गेला. होईल काय ते मालूला ठाऊक होतं. किमयाच्या वेळी सातव्या महिन्यात तिचं बीपी असं चढलं की समोरचं माणूस धुक्यात गेल्यासारखं दिसे. पुढचे चार महिने तिला सुईत दोरा घालता येत नव्हता. पुन्हा दिवस गेले तर नजरेची खात्री नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. मालूच्या घराण्यात वतन म्हणावं असं काही असेल तर ते हे दोन डोळे.

पेणच्या औषधाच्या दुकानात जाण्यात अर्थ नव्हता. तिथे जितेशचा मावसभाऊ बसायचा. तपासायची पट्टी पिशवीत पडायच्या आत इकडे बारशाची घुगरी शिजली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरात म्हणाली, "निडीला आईकडं जाऊन येते." सासू, ठमाबाई, दारात सुकट निवडत होती. तिने मान वर केली नाही.

पेणला मालू रोह्याच्या गाडीत चढली, तर समोरच्या बाकावर ठमाबाई आधीच बसलेली. सत्तरी ओलांडलेली ही बाई एसटीच्या आधी स्टँडवर कशी पोचली, हे आजपर्यंत कुणाला उलगडलेलं नाही.

"तुमी कुठं?" मालू दचकलीच.

"तू जाशील तिकडं."

नागोठणं गेलं. मालूने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. निडी आली. मालू उठली नाही. निडी गेली.

"तुजी आय रोह्याला ऱ्हायला गेली वाटतं?" ठमाबाई खिडकीकडे बघत म्हणाली.

मग मालूने सांगून टाकलं. सोळा, पंधरा, कार्ड, आठ दिवस, सगळं. ठमाबाईने खिडकीकडची मान वळवली.

"मना सहा झाली गो," ती म्हणाली. "पाचव्याच्या येळेला मिठागरावं उभी व्हते. तारीख मना कुनी विचारली नाय, नि मनाबी कुनाला सांगायचं सुचलं नाय." मग म्हणाली, "डोलं गेलं तं गनपती काय चाचपून काढशील?"

रोह्याच्या दवाखान्यात नूतन सिस्टर होत्या. दहा वर्षांपूर्वी याच बाईंनी बजावलं होतं. आता अर्धे केस पांढरे झाले होते. त्यांनी कार्ड वाचलं, गणपतीच्या सालाची गोष्ट ऐकली आणि कपाळाला हात लावला.

"बाई गं, तांबीला गणपती कळत नाहीत! पाच महिन्यांनी आभाळ कोसळत नाही. पण भरवसा कार्डावरच्या तारखेपुरताच धरायचा. जा, लघवी घेऊन ये."

पट्टी टेबलावर ठेवली. मालू टेबलाशी वाकून उभी राहिली. पाच मिनिटं म्हणजे किती असतात? तेवढ्यात ती दोन मूर्तींचे चारही डोळे काढायची, पापण्यांसकट. इथे एक रेघ उमटायला तेवढा वेळ लागला.

"एकच आहे," सिस्टर म्हणाल्या. "नाहीये काही."

"दुसरी फिकी असंल. मना बघू द्या." मालूने पट्टी खिडकीशी नेली, तिरकी धरली, उजेडात धरली. जन्म रेघा काढण्यात गेलेला. दुसरी रेघ नव्हती. ती स्टुलावर बसली.

"जागरणं, जेवणाचे हाल, मग पाळी लांबते," सिस्टर म्हणाल्या. "डॉक्टर तपासतील. सगळं ठीक असलं तर जुनी काढून नवी आत्ताच बसवू. मधे एक दिवससुद्धा मोकळा सोडायचा नाही."

मालू आत गेली. ठमाबाई बाहेर बाकावर बसून राहिली, दुसऱ्याच्या लेकरांना डोळे वटारत. तासाभराने मालू पोटावर हात धरून बाहेर आली. सिस्टरने नवं कार्ड तिच्यापुढे धरलं, तोच ठमाबाईने ते मधल्यामधे घेतलं.

"हिच्या हाती नको. ही परत गनपतीवं मोजंल." कार्ड तिने उलटं धरून नीट न्याहाळलं. "कंदीची हाय?"

"मे दोन हजार छत्तीसला बदलायची, आजी."

"तवा मी नसंन," ठमाबाई मालूला म्हणाली. "बटवा कुठं ऱ्हातो तो बघून ठेव."

दोन दिवस पडून राहून मालू कारखान्यात आली. धनेशने तो गणपती तसाच ठेवला होता, दोन्ही डोळे पुसलेला. मालूने पाट ओढला, ब्रशचं टोक ओठांत धरून बारीक केलं. ठमाबाई कधी नव्हे ती येऊन मूर्तीच्या समोर उभी होती.

"आई, सरका जरा. उजेड अडतोय."

ठमाबाई सरकली. सरकताना कमरेचा बटवा तिने चाचपला, आत कार्डाचा कडक कोपरा लागला, आणि तिथेच हात ठेवून ती दोन्ही डोळे पुरे होईपर्यंत उभी राहिली.