मखमलीवरची पाचर

मी एक पाचर बोलतेय. दार आपटू नये म्हणून खाली सरकवतात ना, तीच. सध्या एका कापडदुकानाचं जाडजूड दार माझ्या पाठीवर टेकलंय, तेव्हा आवाज जरा दबलेला आला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म वर्गात झाला असं भाषणांत सांगतात. खरं तर तो एका सुताराच्या दुकानात झाला. 'घरातली एक अडचण सोडवा' असा प्रकल्प त्याच्या मुलीला कॉलेजात मिळाला होता. तिच्या घरी वाऱ्यानं दार आपटायचं आणि तान्हा भाचा दचकून रडायचा. तिनं सागाचा उरलेला तुकडा तासला, खाली सायकलच्या जुन्या टायरचं रबर चिकटवलं. गुळगुळीत फरशीवरसुद्धा मी तसूभर हलत नाही. ही बढाई नव्हे हं, माल कसा आहे ते गिऱ्हाइकाला सांगायला नको?

प्रकल्पात तिच्या जोडीला दोन मुलं होती. एकाला सगळे 'साहेब' म्हणत, कारण तो बोलायचा. दुसरा 'रंगारी', तो चित्रं काढायचा. पूर्ण मार्क पडले आणि सर म्हणून गेले, "अरे, याचा तर धंदा होईल!"

झालं! आधी नाव ठरलं. मग बोधचिन्ह. मग व्हिजिटिंग कार्डं छापली, त्यांत साहेब मुख्य अधिकारी आणि रंगारी प्रमुख अधिकारी.

"आणि तू कोण गं?" त्यांनी विचारलं.

"मी दुसरी पाचर करायला घेऊ?" ती म्हणाली.

"इतक्यात नको. आधी ब्रँड उभा राहू दे."

ब्रँड उभा राहिला. मी मात्र आडवी, निळ्या मखमलीवर, काचेच्या पेटीत. या स्पर्धेतून त्या स्पर्धेत माझी वरात निघायची. लोक वाकून बघायचे, वा वा करायचे. इतक्या दिवसांत एक दार माझ्या वाट्याला आलं असेल तर शपथ! एकदा वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, "मला दोन द्या रे, आमचं दार फार आपटतं." साहेबानं त्यांच्याकडून अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतला.

एका संध्याकाळी सुतारानं लेकीला विचारलं, "कसा चाललाय कारखाना?"

"बक्षीस मिळालं, बाबा."

"ते कपाटावर दिसतंय. विकलं काय?"

तिनं बक्षिसाचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"हे बघ बाळ, मागची खोली गादीवाला भाड्यानं मागतोय. कुणा परक्या माणसानं पैसे देऊन तुझी एक जरी पाचर नेली, तरी खोली तुझी, आतली करवतही तुझी. नाहीतर येत्या मोठ्या स्पर्धेनंतर मी त्याला हो म्हणणार."

मोठ्या स्पर्धेचा दिवस उजाडला. नियम असा की निकाल लागेपर्यंत वस्तू टेबलावरच हवी. बाहेर वारा सुटला होता. सभागृहाच्या दाराला कुणी खुर्ची लावली, ती घसरली. कुणी कागदाची घडी कोंबली, ती उडाली. साहेब मंचावर चढला.

"आमची पाचर म्हणजे आवाजाविरुद्धची क्रांती..."

धाड!

"जगातलं प्रत्येक दार..."

धाड!

तिसऱ्या धाडीला सुताराच्या मुलीनं पेटी उघडली.

"अगं, काय करतेस? नमुना आहे तो!" रंगारी ओरडला. "बाद होऊ आपण!"

"दार आपटतंय," ती म्हणाली, आणि तिनं मला सरळ दाराखाली सरकवलं. काय सांगू! अंगावर वजन आलं आणि जिवात जीव आला. सभागृह शांत झालं. इतकं शांत, की साहेब भाषण विसरला.

परीक्षकांत एक कापडदुकानाच्या मालकीणबाई होत्या. "ही मघापासून तुमच्याकडे होती?"

"हो, मॅडम."

"मग मघाच का नाही लावलीत?"

रंगाऱ्यानं रिकाम्या पेटीचं झाकण लावलं.

"बरं, केवढ्याला?"

"मॅडम, विक्री आमच्या पुढच्या टप्प्यात..." साहेबानं सुरुवात केली. मुलीनं मध्येच किंमत सांगून टाकली. बाईंनी थोडी घासाघीस केली, तेव्हा मला कळलं की हे गिऱ्हाईक खरं आहे.

टेबल रिकामं म्हणून आम्ही बाद झालो. घोषणा सगळ्यांना स्वच्छ ऐकू आली, कारण दार आपटत नव्हतं. पहिलं बक्षीस पाणी प्यायची आठवण करून देणाऱ्या ॲपला मिळालं.

गादीवाल्यानं दुसरी जागा बघितली. मागच्या खोलीत आता माझी भावंडं तासली जातात, पहिली दोन वाचनालयात नांदायला गेली. साहेब आणि रंगारी 'आम्ही धंदा कसा उभारला' यावर व्याख्यानं देतात. परवा साहेब या दुकानात शर्ट घ्यायला आला नि मला ठेचकाळला. "काय हो, वाटेत काहीही ठेवता!" म्हणाला. ओळखलं नाही त्यानं.

माझी मखमल गेली. अंगावर धूळ आहे, एक कोपरा झिजलाय, झाडू रोज दोन तडाखे देतो. मजेत आहे. तुम्हाला एकच विनवणी: घरातल्या पोरानं काही करून दाखवलं तर टाळ्या जरा मागे ठेवा, आधी "केवढ्याला?" विचारा.

आता येते म्हणणार नाही. जागचं हलणं आमच्या धंद्यात बसत नाही.