लग्नाआधीचा आहेर

मी कवळी. वरची आणि खालची मिळून एकच समजा. गुलाबी रबराच्या हिरड्या, चिनी मातीचे दात. आयव्हीबाई बोलते ते माझ्यातूनच बाहेर पडतं, तेव्हा बोलायची सवय मला आहे. फक्त आज स्वतःचं बोलतेय, एवढंच.

ऑस्ट्रेलियातल्या मॅली भागातल्या या गव्हाच्या गावात दातांचा डॉक्टर महिन्यातून एकदा आगगाडीने यायचा आणि हॉटेलातल्या वरच्या खोलीत खुर्ची मांडायचा. आयव्हीचं लग्न ठरलं, तसं तिच्या बापाने तिला तिथे नेऊन सगळे दात काढवले. किडलेले मोजके होते, बाकीचे धडधाकट. पण पुढे जावयाच्या मागे दातांचा खर्च लागू नये, अशी इथली रीत. हिरड्या भरून आल्यावर मी आले. आहेरात इतर भांडीकुंडी होती, तशीच मीही.

माल म्हणून मी उत्तम होते, उगाच नम्रपणा नको. फोटोत तर मी खऱ्या दातांपेक्षा बरी दिसते. पण सफरचंद पुढे आलं की आमचं पितळ उघडं पडतं. आयव्हीने ते चावून खाणं सोडलं. मटण ती इतकं बारीक कापायची की जेवण नेहमी थंडच व्हायचं. लोकांना वाटायचं, बाई फार नाजूक.

एकदा फुटबॉलच्या सामन्यात ती पंचावर अशी ओरडली की मी कुंपणापलीकडे चिखलात! आयव्हीने रुमालाने तोंड झाकलं. तिच्या नवऱ्याने, पर्सीने, मला उचलून पुसलं आणि मान दुसरीकडे वळवून तिच्या हातात दिलं. तिच्या तोंडाचं बोळकं त्याने कधी पाहिलं नव्हतं. ती दाखवायची नाही, तो बघायचा नाही.

मग त्यांच्या मुलीचं, नॉरीनचं, लग्न ठरलं. तिच्या मागच्या दोन दाढा किडल्या होत्या. रविवारी जेवायला होणारा जावई लेस आला होता. पर्सी मटण कापता कापता म्हणाला, "डॉक्टरला सांगून ठेवलंय. सगळेच काढून टाकू. कटकट मिटली."

"दोनच किडल्यात, बाबा."

"आज दोन, उद्या चार. लेसच्या गळ्यात दाढदुखी कशाला बांधायची? तुझ्या आईकडे बघ. कधी दाढ दुखली म्हणाली?"

"असली तर दुखेल ना!" नॉरीन पुटपुटली.

"बघ लेस, आत्ताच उलट बोलते. नीट विचार कर."

लेस हसला. आयव्ही हसली नाही. तिने काटा खाली ठेवला, तोंडात बोटं घातली आणि मला काढून पुदिन्याच्या सॉसशेजारी टेबलावर ठेवलं. तिथून मला तिचा चेहरा पहिल्यांदाच समोरून दिसला. गाल आत गेले होते, ओठ दुमडले होते.

"आयव्ही! पाहुणा बसलाय, घाल ते आत."

"पाहुण्यासाठीच काढलंय." आज ती माझ्याशिवाय बोलत होती. शब्द फसफसत होते, पण एकही चुकला नाही. "लेस, नीट बघून घे. आहेरात हे मिळणार आहे तुला. आणि पर्सी, तूही बघ. लग्नाला इतकी वर्षं झाली."

पर्सीने या वेळी मान वळवली नाही. बराच वेळ बघत राहिला.

"कधी बोलली नाहीस," तो हळूच म्हणाला.

"तू कधी विचारलंस?"

लेसने घसा खाकरला. "मी नेतो हिला ट्रकने, शहरातल्या डॉक्टरकडे. दोन दाढा भरून घेऊ."

"आणि पुढे दुसऱ्या दुखल्या तर?" पर्सीने विचारलं.

"दुखल्या तर ही बोंबलेल, आणि मी ऐकेन. बायको करतोय ना मी?"

दोन्ही दाढांत चांदी भरली आणि लग्न झालं. धंद्याच्या नजरेने पाहिलं तर मी त्या दिवशी हक्काचं गिऱ्हाईक घालवलं. आता आयव्हीचं मटण बारीक कापायचं कामही पर्सीकडे आहे. तिचं ताट तो आधी भरतो.

आयव्हीचा जबडा झिजलाय, मी सैल झालेय, कडा टोचतात. लवकरच माझ्या जागी नवी येईल. जाता जाता एक सांगते. दाढ दुखली तर आधी डॉक्टरला विचारा, भरता येईल का? अगदीच इलाज नसला तर माझ्यासारखी कुणीतरी आहेच, आणि ती मन लावून काम करेल. पण तुम्ही आलाच नाहीत, तर आम्हाला राग नाही.