भोंगा वाजला की वर या

ती गेल्याचा फोन आला तेव्हा प्लंबर एका दवाखान्यात बेसिनखाली उताणा पडून नळी बसवत होता. एका हातात पाना, दातांत वॉशर. फोन काव्यमंडळाच्या अध्यक्षांचा होता.

"मिस्त्री, मन घट्ट करा. वहिनी निसर्गाशी एकरूप झाल्या."

बायको नऊ वर्षं त्या मंडळाची चिटणीस होती, त्यामुळे अध्यक्षांच्या बोलण्याची त्याला सवय होती. मागच्या वर्षी त्यांनी 'मी पर्वतात हरवलो' असं कळवलं होतं. शोधाशोध झाली, तर साहेब विश्रामगृहात घोरत होते. वॉशर तोंडातून काढून प्लंबर म्हणाला, "बरं. पण परत किती वाजता येणार? घराची किल्ली तिच्याकडे आहे."

मग मंडळाच्या बसच्या ड्रायव्हरने फोन हिसकावून घेतला. "दादा, तुमची मिसेस नदीत वाहून गेली. खाली वळणावर सापडली. गेली ती. तुम्ही या लवकर."

प्लंबरने आधी नळी आवळली, मग उठला. आधी नळी का आवळली, हे त्याला पुढे फार दिवस खुपत राहिलं.

झालं काय, ते सगळं त्याला ड्रायव्हरकडूनच कळलं. मंडळ दर वर्षी धरणाच्या खालच्या अंगाला, नदीच्या पात्रातल्या खडकांवर निसर्गवाचन करतं. सगळ्यांनी पाण्याकडे तोंड करून बसायचं आणि निसर्गापुढे माणूस कसा कस्पटासमान आहे याच्या कविता वाचायच्या. नियम एकच. कविता चालू असताना कुणी बोलायचं नाही, उठायचं नाही, कारण ऐकणारा निसर्ग आहे आणि त्याचा अपमान होतो.

त्या दिवशी अध्यक्ष प्रलयाला आवाहन करणारी स्वतःची कविता वाचत होते. बावीस कडवी. तेराव्याला धरणाचा भोंगा वाजला. पाणी सोडण्याआधी तो वाजतो. मंडळाच्या अंगावर मात्र काटा आला. निसर्गाने ओ दिली असं त्यांना वाटलं. बायको म्हणाली, "अहो, भोंगा झाला, वर चला." तर दोघातिघांनी "शूऽऽ" केलं. दुसरा भोंगा झाला. पाणी घोट्यापर्यंत आलं तसा अध्यक्षांनी आवाज चढवला. शेवटी ड्रायव्हरने काठावरून आईबहिणीवरून शिव्या घातल्या, तेव्हा कुठे मंडळ उठलं.

प्रलयाला बोलावणारे अध्यक्ष सगळ्यांत आधी वर पोचले. वर पोचल्यावर ओरडले, "माझी फाइल! एकच प्रत आहे हो!" फाइल खाली खडकावर होती. कागद सांभाळणं चिटणिसाचं काम. ती उतरली.

शोकसभेला हॉल भरला. पंखा बंद होता, म्हणून वक्ते घाम पुसत निसर्गाच्या अफाट सामर्थ्यावर बोलत होते. एकाने सांगितलं, नदीने तिला कवेत घेतलं. दुसऱ्याला तिचा हेवा वाटत होता. पाणी वाढल्यावर वर चढणाऱ्यांत तो पहिला नसला तरी दुसरा होता, हे ड्रायव्हरने सांगितलं होतं.

प्लंबरला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उभा राहिला.

"नदीने काही केलं नाही. साडेचारला ड्यूटीवरच्या माणसाने धरणाचं दार उघडलं. रोज उघडतो. त्याआधी भोंगा दिला. भोंगा ऐकून उठला असतात तर ती घरी असती."

हॉल गहिवरला. पुढच्या रांगेतल्या एका कवीने वहीत 'दार उघडलं' एवढंच टिपून घेतलं आणि खाली रेघ मारली.

वर्ष होत आलं तसं मंडळाने ठरवलं की तिच्या नावाचा दगड त्याच जागी बसवायचा आणि यंदाचं वाचन तिथेच करायचं. या वेळी नवे सदस्य धरून तीस माणसं पात्रात बसणार होती. प्लंबर अध्यक्षांच्या घरी गेला. स्वयंपाकघरातला नळ टपटप गळत होता.

अध्यक्ष म्हणाले, "ऐका, थेंबांचं हे अखंड संगीत!"

"संगीत गेलं खड्ड्यात," त्यांची बायको आतून म्हणाली. "तीन महिने झाले. मिस्त्री, आलाच आहात तर वॉशर बदला बाई एकदाचा."

त्याने वॉशर बदलला. हात पुसत म्हणाला, "साहेब, दगडावर तुमची कविता कोरा, माझं काही म्हणणं नाही. खाली फक्त एक ओळ हवी. 'भोंगा वाजला की वर या.' बाकी काही नको."

"किती साधं! किती आतून आलेलं!" अध्यक्षांचे डोळे भरून आले. "समितीपुढे ठेवतो."

समितीच्या तीन बैठका झाल्या. भोंगा हा शब्द काव्यात बसेना, म्हणून तिथे 'निसर्गाची हाक' आली. 'वर या' फारच हुकमी वाटलं. शेवटी मंजूर झालेला कागद प्लंबरच्या हाती आला: 'निसर्गाची हाक येता, ऊर्ध्वगामी हो मना.'

मेहुणीने तो कागद दोनदा वाचला. "भाऊजी, हे वाचून माणूस वर येईल का वर जाईल?"

"तेच म्हणतोय मी."

"मग भांडा की! ताई असती तर एव्हाना चौघांची हजेरी घेतली असती."

"ताई असती तर दगड कशाला लागला असता?" तो म्हणाला, आणि कागदाची घडी घालून उठला.

तो दगड कोरणाऱ्याकडे गेला. कविता कोरून झाली होती. अध्यक्षांचं नाव तिच्या नावापेक्षा बोटभर मोठं होतं. खाली जागा ठेवली होती. प्लंबरने आपली ओळ लिहिलेली चिठ्ठी पुढे केली. कारागिराने ती वाचली आणि मान हलवली.

"तुमचं बरोबर आहे हो. माझी पोरंही त्या नदीवर जातात. पण ऑर्डर मंडळाची. अध्यक्षांची सही आणा, तासाभरात कोरून देतो."

अध्यक्ष म्हणाले, समितीने मंजूर केलेला मजकूर एकट्याने बदलणं लोकशाहीला धरून होणार नाही. वाचन होऊ दे, मग बघू.

तेव्हा प्लंबर मंडळाच्या कचेरीत गेला आणि वाचणाऱ्यांच्या यादीत स्वतःचं नाव घाल म्हणाला. नवी चिटणीस हरखली. "अय्या, काका, तुम्हीही लिहिता?"

"एकच ओळ आहे. वेळ सव्वाचारची दे. माझं चालू असताना कुणी बोलायचं नाही, बरोबर ना?"

"नाही नाही, नियमच आहे तसा! पण एका ओळीला किती वेळ लागणार?"

"सगळे वर चढेपर्यंत म्हणणार आहे."

तिने तेही लिहून घेतलं.

वाचन रविवारी आहे. बस ठरली आहे, ड्रायव्हर तोच आहे. दगड काल त्या जागी नेऊन बसवला. समितीची ओळ कारागिराने अजून कोरलेली नाही, अक्षरं मावत नाहीत म्हणतो. प्लंबरची ओळही कोरायची राहिली आहे.