चूलबंद आवतण

आमच्या गावात तेव्हा अकरा ख्रिस्ती घरं होती, आणि देवाची प्रीती त्या अकरा घरांतच पुरवून पुरवून वापरायची आम्हाला सवय होती. मग सांगलीहून नवे पाळक आले. अनंतराव. चष्मेवाले, अंगानं काटकुळे, बोलायला मऊ, पण एकदा उपासनेला उभे राहिले की कुणाचं ऐकायचे नाहीत. सत्त्याहत्तर सालच्या थंडीतल्या एका रविवारी ते म्हणाले, "देवाची प्रीती घरात ठेवायची वस्तू नाही, वाटायची आहे. पुढच्या रविवारी उपासनेनंतर प्रीतीभोजन आहे. प्रत्येकानं एका माणसाला जेवायला बोलवायचं. पण तो असा हवा, की ज्याच्याशी आपलं बोलणं बंद आहे."

एवढं बोलून त्यांनी सरळ माझ्याकडं पाहिलं. गावातल्या भानगडी नव्या माणसाच्या कानावर इतक्या लवकर कोण घालतं, देव जाणे. पलीकडं बायकांच्या बाजूला माझी बायको हरणाबाई खाकरली, तेव्हा कोण घालतं ते कळलं.

माझं बोलणं बंद होतं लालासाहेबाशी. आम्ही दोघं एकाच पलटणीत बारा वर्षं काढलेली. तो हवालदार, मी लंगरातला आचारी. पेन्शन घेऊन दोघंही गावी आलो. गावात आमच्या घरचं पाणीसुद्धा न घेणारी माणसं होती, अजूनही आहेत. पण लालासाहेबाच्या लेकीचा, बनूचा साखरपुडा ठरला, तेव्हा भावकी नको नको म्हणत असताना त्यानं मला चुलीपुढं उभं केलं. "बारा वरसं ह्याच्या हातचं खाल्लंय, मेलो न्हाई," असं त्यानं सगळ्यांना सुनावलं.

आणि मी काय केलं? पहिल्या पंगतीत व्याह्यांच्या शेजारी बसून त्यानं आमटीचा भुरका मारला आणि मोठ्यानं म्हणाला, "केरबा, अळणी हाय रं." एवढंच. पण माझा राग नाकावर असतो. मी मिठाचं अख्खं गाडगं उचललं, आमटीच्या हंड्यात पालथं केलं, "आता बघ" म्हणालो आणि घरी चालता झालो. व्याही मंडळींनी त्या दुपारी दोन घागरी पाणी संपवलं. लग्न मोडलं नाही, पण बनूचा सासरा अजून दर सणाला ती आमटी काढतो. लालासाहेबाला भावकीत मान खाली घालावी लागली. चूक माझी होती. हे मला घरी पोचेपर्यंतच कळलं होतं. पण कळणं वेगळं, आणि त्याच्या दारात जाऊन ते तोंडानं बोलणं वेगळं. त्यात तीन वर्षं गेली.

"जावा की," हरणाबाई म्हणाली. "चार पावलांवर घर हाय."

"जातो. मला काय भ्या हाय?"

सोमवारी त्याच्या दारापर्यंत गेलो आणि विडी पेटवून परत आलो. मंगळवारी विडी घरीच विसरलो, म्हणून परत आलो. बुधवारी दारातल्या म्हशीची चौकशी केली, तिनं मान हलवली, आणि तेवढ्यावर समाधान मानून परत आलो. शुक्रवारी मला गुंडा दवंडीवाला भेटला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे मला तसं वाटलं.

"गुंडा, रविवारी दुपारी आमच्या चर्चात जेवाण हाय. लालासाहेबाच्या आळीत आवतण दे. चूलबंद."

चूलबंद आवतण म्हणजे घरातल्या एकट्यादुकट्याला नव्हे, म्हातारीपासून तान्ह्या पोरापर्यंत झाडून सगळ्यांना. त्या दिवशी त्या घरानं चूल पेटवायची नाही.

"लालासाहेबाचं नाव घेऊन सांगू?" गुंडानं विचारलं.

"नाव कशाला? माझं त्येचं बोलणं हाय का?"

"मग सांगू कुणाला?"

"समद्यास्नी सांग!" मी खेकसलो. "समद्या गावाला सांग, त्यात त्यो बी आला!"

गुंडानं हलगी वाजवून समद्या गावाला सांगितलं. त्याचा यात काडीचा दोष नाही.

मी म्हटलं, गाव काही चर्चात येत नाही. आला तर लालासाहेब येईल. म्हणून साठ माणसांच्या अंदाजानं दोन बकरी आणली, तांदूळ निवडून घेतले, आणि रविवारी पहाटेच चर्चच्या मागं चुलाण पेटवलं. नऊच्या घंटेला नाथाजी माळकरी स्वतःचा तांब्या घेऊन हजर झाला. म्हणाला, "मटण आमाला चालत न्हाई, पर आवतण मोडू ने." त्याच्या मागनं त्याचं घर आलं. मग पाटील आळी, मग माळवाडी, मग ज्यांची नावं मलाही ठाऊक नाहीत अशी माणसं. चर्च भरलं, ओटा भरला, लिंबाखालची जागा भरली. पाळकसाहेबांच्या चष्म्यावर धुकं आलं.

"केरबा, हे कसं झालं?"

"प्रीती," मी म्हणालो, "जरा जास्त वाटली गेली, साहेब."

मी गर्दीत एक पटका शोधत होतो. लालासाहेब नव्हता. गाव आलं होतं, आणि ज्याच्यासाठी गाव बोलावलं तोच आला नव्हता. रश्श्याला उकळी फुटत होती आणि मला रडू येत होतं. लोक कांद्यामुळं समजले.

मागच्या खिडकीतून मी पाळकसाहेबांना खूण केली, उपदेश लांबवा. त्यांना तेवढंच हवं होतं. शेजाऱ्यावर प्रीती करा, इथून त्यांनी जी सुरुवात केली ती सगळ्या दिशांच्या शेजाऱ्यांपर्यंत गेली. आमचं गाव कीर्तनं ऐकून तयार झालेलं, बसायला कंटाळत नाही. प्रार्थनेला डोळे मिटायचे म्हटल्यावर सगळ्यांनी मिटले. नाथाजीचे त्यानंतर बराच वेळ उघडले नाहीत. 'आमेन' हा शब्द तर गावाला भलताच आवडला. आधी ते प्रार्थनेनंतर म्हणाले, मग गीतानंतर, मग प्रत्येक वाक्यानंतर.

"आणि आता शेवटचा मुद्दा," पाळकसाहेब म्हणाले.

"आमेन!" गाव गरजलं आणि पत्रावळी घ्यायला उठलं.

पहिल्या पंगतीला मी रस्सा वाढला. दुसऱ्या पंगतीला रश्श्याच्या नात्यातलं काहीतरी वाढलं. तिसरी पंगत बसली तेव्हा भाताचं पातेलं खरवडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पाळकसाहेब मागं आले आणि त्यांनी पातेल्यात डोकावलं.

"केरबा, प्रार्थना करू या. पाच भाकरींत हजारो माणसं जेवल्याचं शास्त्रात..."

"साहेब, तितं आचारी मी नव्हतो."

नाथाजी हात धुवत म्हणाला, "आरं, लालासाहेबाकडं पोत्यानं तांदूळ हाय. मोठी भांडी बी त्येच्याकडंच. जा की."

तिसरी पंगत माझ्याकडं बघायला लागली. साखरपुड्याची आमटी त्यातल्या निम्म्यांनी चाखलेली होती. आता विडी नव्हती, म्हशीचं निमित्त नव्हतं. मी हातातल्या डावासकट निघालो.

लालासाहेब सोप्यात खाटेवर बसला होता. पांढरा पटका बांधलेला, कोट घातलेला, कोटावर पलटणीची पदकं. चंद्राबाई, त्याची बायको, उंबऱ्यात उभी होती. तिच्या मागं चूल दिसत होती. सारवलेली, थंडगार, राखसुद्धा नव्हती.

"सकाळपास्नं पेटली न्हाई," चंद्राबाई म्हणाली. "चूलबंद आवतण हाय म्हणून म्या पेटवली न्हाई, आन् दारात येऊन कुणी बोलावलं न्हाई म्हणून ह्ये उठंनात. म्हातारी सासू दोनदा शेंगा खाऊन बसलीया."

सकाळपासून हा माणूस नटूनथटून, उपाशी, माझी वाट बघत बसला होता. आठवडाभर घोळवलेलं वाक्य माझ्या तोंडाशी आलं, चुकलो, माफ कर, आणि बाहेर पडलं ते असं:

"तांदूळ पायजेत."

लालासाहेबानं पटका सरळ केला. "आवतण द्याया गुंडा, आन् तांदूळ मागाया तू?"

"व्हय," मी म्हणालो. मग मात्र एकदम सगळंच सुटलं. "चुकलो रं गड्या. त्या दिशीची आमटी अळणीच हुती. तू भावकीशी भांडून मला हुबा केलास, आन् मी तुजीच मान खाली घातली. लाज वाटत हुती म्हणून आलो न्हाई. तुजं नाव घ्यायचं टाळाया समदं गाव बोलावलं, बघ. आता जेवाया चल. आन् येताना दोन पोती घे."

चंद्राबाई तोंडाला पदर लावून भिंतीकडं वळली. तिचे खांदे हलत होते, हसण्यानं की कशानं ते मला दिसलं नाही. लालासाहेबानं माझ्या हातातल्या डावाकडं बघितलं आणि तो खाटेवरून उठला.

"अगं," तो म्हणाला, "मोठी भांडी काढ."

बैलगाडीतून तांदूळ आले, भांडी आली, म्हातारीही आली. पुन्हा भात शिजला. रश्श्यात मी इतकं पाणी ओतलं की लंगरात असतो तर मला शिक्षा झाली असती. शेवटच्या पंगतीत लालासाहेब पदकांसकट मधोमध बसला. मी वाढलं. त्यानं भुरका मारला, थांबला, आणि मान वर केली.

"केरबा, अळणी हाय रं."

मी मिठाची वाटी उचलायला वाकलो, आणि चाळीस माणसांनी एकदम दोन्ही हातांनी आपापली पत्रावळ झाकली. नाथाजी आता दुसऱ्यांदा जेवायला बसला होता. त्यानं तर नुसता भातसुद्धा पाठीमागं लपवला. पाळकसाहेबांना 'तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात' हे शास्त्रातलं वचन आठवलं, पण ते तोंड उघडतात तोवर हरणाबाईनं त्यांच्या हातात पत्रावळ दिली.

मी वाटी लालासाहेबाच्या हातात ठेवली.

"तूच घाल," मी म्हणालो. "पाण्यावर पाणी वतून माजी चव गेलीया. तुज्या जिभंवर माजा भरवसा हाय."

तो उठला. हंड्यापाशी आला, चिमूट टाकली, माझ्याच डावानं ढवळलं, चाखलं, आणखी अर्धी चिमूट टाकली.

"आता बरं हाय."

"आमेन!" गाव गरजलं.

लालासाहेब परत जाऊन बसला आणि थोडा बाजूला सरकला. "बस हितं," तो म्हणाला. "तुज्या घरची बी चूल बंदच आसंल न्हवं?"

होती. सकाळपासून माझ्या पोटात काही गेलं नव्हतं, हे मला तेव्हा आठवलं. मी त्याच्या शेजारी बसलो आणि चंद्राबाईनं मला वाढलं. रस्सा पाणचटच होता. मीठ मात्र बरोबर होतं.