लुजैनच्या पोटातली पलटण

"ऐकून तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये," अबू वास्फीने कॉफीचा पेला खाली ठेवत जाहीर केलं, "पण माझ्या नातीच्या पोटात आज जी पलटण राबतेय ना, तिच्यातले निम्मे शिपाई माझ्या घरचे!"

पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुस शहराच्या त्या कॉफीखान्यात नातीची कथा सगळ्यांना ठाऊक होती. अबू वास्फीच्या घरात पाच पिढ्या तीळ दळून ताहिनी काढतात, आणि सहा वर्षांच्या लुजैनला अ‍ॅलर्जी नेमकी तिळाचीच. एकदा तर श्वास अडकून पोर निळी पडली होती. तेव्हापासून म्हातारा अंगणात कपडे बदलल्याशिवाय नातीला जवळ घेत नसे. तिचा हात धरून तिला आपली गिरणी दाखवावी, एवढंच त्याला जगून करायचं उरलं होतं.

"सगळा दोष ह्याचा!" त्याने समोर बसलेल्या व्याह्याकडे, साबणवाल्या हाजी निम्रकडे बोट दाखवलं. "पोर जन्मली तसा पोतंभर साबण घेऊन आला. दिवसातून तीनदा घासायचे तिला, कढई घासावी तशी. मग पोटात जंतू जाणार कुठून?"

"माझ्या साबणानं कुणाचा ओठ सुजला नाही अजून," हाजी म्हणाला. "तू पुढं बोल."

"डॉक्टर रहाफ! बाई नव्हे, चमत्कार आहे. म्हणाली, पोटातले जिवाणू शरीराला शिकवतात, आत आलेला घास पाहुणा आहे, चोर नव्हे. लुजैनच्या पोटात हे शिकवणारेच कमी." बाईने वर्षभर पोरीला जिवाणूंच्या गोळ्या दिल्या, सोबत तिळाचा कणभर घास, तोही दवाखान्यातच, इंजेक्शन हाताशी ठेवून. इथवर अबू वास्फी खरं बोलत होता, आणि तेच त्याला सोसेना.

"पण जिवाणू आणायचे कुठून? अर्धं गाव तपासलं बाईनं. माझा नमुना भिंगाखाली धरला, आणि खुर्चीवरून उठून उभी राहिली! माझे जिवाणू आत कवायत करत होते, डावा-उजवा, डावा-उजवा!"

टेबलं हसून हलली. म्हाताऱ्याला आणखी चेव आला.

"आणि परवा शेवटची परीक्षा. पोरीनं वाटीभर ताहिनी चाटूनपुसून खाल्ली, वर म्हणते, आणखी आण! मी आपला शांत. डोंगरासारखा बसून होतो."

"खोटं!" हाजी निम्रने टेबलावर थाप मारली. "साफ खोटं! गोळ्या कारखान्यातून आल्या, तुझ्या पोटातून नव्हे. आणि वाटी कसली रे, अर्धा चमचा! दोन तास बाई पोरीच्या ओठांवरून नजर काढत नव्हती. ओठ सुजले नाहीत, तेव्हा म्हणाली, आता हिला गिरणी बघायला न्या. आणि डोंगर? तू दवाखान्याच्या भिंतीला डोकं टेकून असा हुंदके देत होतास की नर्सला वाटलं, अ‍ॅलर्जी तुलाच आहे!"