तेच पाणी परत परत

मी आडबंदरच्या पंपघरातला पंप बोलतोय. रंगाने निळा, वजनाने चार माणसांनाही न हलणारा, आणि वयाने तेवीस वर्षांचा. माझा आवाज घोगरा आहे, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म कोल्हापूरच्या एका ओतकारखान्यातला. तिथून घाट उतरून, कुडाळमार्गे ट्रकमधून मी या खाडीकाठच्या छोट्या शहरात आलो. आडबंदरची बाजारपेठ बशीसारखी खोलगट आहे. चारी बाजूंचं पावसाचं पाणी तिथेच गोळा होतं आणि मोठ्या नाल्याने खाडीकडे जातं. नाल्याच्या तोंडाशी एक लोखंडी झडप आहे. ओहोटीला ती उघडते आणि पाणी आपल्या पायांनी जातं. भरतीला ती मिटते, म्हणजे खाडीचं पाणी आत शिरत नाही. अशा वेळी आतलं पाणी माझ्या पायाशी असलेल्या विहिरीत साचतं. ते उचलून भिंतीपलीकडे खाडीत टाकायचं, हे माझं काम.

पहिली काही वर्षं माझं फार कौतुक झालं. दसऱ्याला झेंडूचा हार मिळायचा. पुढे माणसांना सवय झाली. माणसांचं असंच असतं. कोरडी जमीन त्यांना आपोआप कोरडी वाटते.

मला चालवणारा बाबुश मात्र बदलला नाही. पहिल्या दिवसापासून तोच. सकाळी आला की आधी माझ्या पाठीवर तळवा ठेवतो, माझी थरथर ऐकतो आणि मग बटण दाबतो. मोजमापाचा काटा तो नंतर बघतो.

चार वर्षांपूर्वी माझे वाईट दिवस सुरू झाले. मी पूर्वीइतकाच फिरायचो, घामाघूम व्हायचो, पण विहिरीतलं पाणी हटायचंच नाही. बाजारात गुडघाभर पाणी साचू लागलं. मासळीवाली यशोदा टोपली डोक्यावर घेऊन उभी राहायची. आणि सगळ्यात मोठं नुकसान व्हायचं ते फेलिसिदादच्या भट्टीचं.

फेलिसिदाद म्हणजे बाबुशची थोरली बहीण. बाजाराच्या अगदी खालच्या टोकाला तिची पावाची भट्टी. भट्टीत पाणी शिरलं की विटा वाळायला आठवडा जातो, आणि तेवढे दिवस गावाला पाव नाही. दोन पावसाळ्यांनी, दुसऱ्यांदा भट्टी बुडाली तेव्हा ती चिखलाच्या पायांनी पंपघरात आली.

"बाबुश, तुझो पंप नुसतो गोल गोल फिरता! पाणी काय हलणा नाय. आणि तू त्येच्या पाठीर हात फिरवत बसलंस!"

त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसू लागली. माझ्यामुळे सख्खी भावंडं तुटली, याचं मला जेवढं वाईट वाटलं तेवढं गंजाचंही कधी वाटलं नव्हतं.

गेल्या एप्रिलात नगरपंचायतीत दीपिका नावाची कुडाळची नवी इंजिनिअर आली. मला भंगारात काढायचा कागद तयारच होता. तिने फक्त पाहणी करून सही करायची होती. तिने टॉर्च मारून मला आतून बाहेरून पाहिलं.

"पंखा झिजलाय याचा," ती म्हणाली.

"झिजलो आसा, खरा," बाबुश म्हणाला. "पण पंपाचो एकट्याचो दोष नाय, मॅडम. माका वाटता, आमी ताच पाणी परत परत उपसतव."

"कशावरून म्हणता?"

बाबुशने कोपऱ्यातून एक हिरवी चप्पल आणून तिच्यासमोर ठेवली. "गेल्या पावसात ही मी पंपाच्या जाळीतसून तीनदा काढलंय. दोनदा वैतागान खाडीत भिरकावलंय. दोनदाय ती परत आली."

दीपिका आधी हसली. मग हसता हसता थांबली. "झडप शेवटची कधी बघितली होती?"

कुणीच बघितली नव्हती. झडप खारफुटीत, पाण्याखाली. तिकडे कोण जातंय?

दुसऱ्या दिवशी भर भरतीच्या वेळी दीपिकाने एक प्रयोग केला. यशोदाच्या घरी शिमग्याचा उरलेला गुलाल होता. यशोदाने होडी काढली आणि खाडीच्या बाजूला, झडपेच्या अगदी तोंडाशी तो पाण्यात कालवला. इकडे बाबुश आणि दीपिका माझ्या विहिरीत वाकून बघत होती. पाच मिनिटं झाली. आणि माझ्या काळपट विहिरीत लालभडक पाण्याची एक धार अलगद आत आली.

"आयला!" दीपिका ओरडली आणि कुडाळची पोर ऑफिसातली भाषा विसरून गेली. "बाबुशकाका, तुमचा बरोबर आसा! झडप मिटणाच नाय!"

मी एका बाजूने पाणी बाहेर टाकत होतो आणि खाडी तेच दुसऱ्या बाजूने परत देत होती. चार वर्षं! भंगाराचा कागद तिने घडी घालून पर्समध्ये टाकला. तो पुन्हा कधी बाहेर आला नाही.

मे महिनाभर माझ्या घरात लगीनघाई होती. खाऱ्या पाण्याने बिजागरी खाल्लेली जुनी झडप निघाली, नवी बसली. नाल्यातला गाळ उपसला. मला चेनकप्पीने उचलून बाहेर आणलं, खरवडलं, नवा पंखा आणि नवी बेअरिंग दिली. माझी मोटर पुराच्या रेषेपेक्षा उंच ओट्यावर चढली. शेजारी एक डिझेलचा धाकटा भाऊही आला, वीज गेली तर काम थांबू नये म्हणून.

खरी परीक्षा झाली ती नारळी पौर्णिमेला. पौर्णिमेची मोठी भरती दुपारी साडेबाराची. आभाळ भरलेलं बघून लोकांनी सकाळीच पूजा करून नारळ पाण्यात सोडले. अकरा वाजता पाऊस कोसळायला लागला. मी मजेत होतो. पाणी चढत होतं आणि मी ते उतरवत होतो.

बारा वाजता मात्र पाणी उतरेना. पोटात ओळखीचं जडपण आलं. बाबुशने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने दीपिकाला फोन लावला.

"पंप बंद करू नका," ती म्हणाली. "झडप बघा, कायतरी अडकलं असेल. मी निघालेच."

त्याच वेळी फेलिसिदाद दारात आली. पाणी तिच्या भट्टीच्या पायरीला लागलं होतं. भांडायलाच आली होती. पण अठ्ठावन्नाला टेकलेला भाऊ कमरेला दोरी बांधतोय, हे बघून ती भांडण विसरली.

"खंय चललंस?"

"झडपेर."

दोन वर्षांतलं त्यांचं हे पहिलं बोलणं. माझ्या खिडकीतून झडपेची जागा दिसते, त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. यशोदाने होडी झडपेपाशी धरून ठेवली. बाबुश छातीभर पाण्यात उतरला. काठावर दोरीचं टोक फेलिसिदादच्या हातात होतं.

"बाय, दोरी सोडू नको!"

"बोललंय नाय म्हणान सोडतलंय काय तुका? काम कर तुझा!"

बाबुशने वल्ह्याने चाचपलं, टोचलं, रेटलं. एकदा पाय घसरून तो डोक्यापर्यंत खाली गेला. फेलिसिदादने दोरी अशी ओढली की तिच्या तळहाताची साल निघाली. तो वर आला, खोकला, आणि पुन्हा वल्हं रोवलं. तेवढ्यात झडपेच्या फटीतून एक गोल वस्तू टुणकन वर आली. नारळ! मागोमाग झडप धाडकन मिटली. तो दणका माझ्या पायापर्यंत पोचला, आणि मी एका दमात पाणी ओढायला लागलो.

दीपिका स्कूटरवरून चिंब होऊन पोचली तेव्हा पाणी भट्टीच्या पायरीवरून खाली सरकलं होतं. यशोदाने नारळ होडीत घेतला होता.

"सागराक दिल्लो नारळ झडपेक जावन बसलो, गो बाय माजे!" ती हसून म्हणाली. "आता सागरानच परत दिल्यान. प्रसाद आसा. घे फेलिसिदाद, तुझी भट्टी वाचली."

फेलिसिदादने तो घेतला. संध्याकाळी ती नारळाची गरम बिस्किटं घेऊन पंपघरात आली. भाऊबहीण एका स्टुलावर आणि एका उलट्या बादलीवर बसली आणि बिस्किटं संपेपर्यंत बोलत राहिली. बोलणं चुलतभावाच्या लग्नाचं आणि गुडघ्यांच्या दुखण्याचं होतं. माझा विषय कुणी काढला नाही. मला ते फार बरं वाटलं.

आता झडपेपुढे दीपिकाने एक मोठी जाळी बसवून घेतली आहे. महिन्यातून एकदा होडीतून जाऊन ती तपासायचीच, असा नियमही केला आहे. मार्चमध्ये बाबुश निवृत्त होईल. त्याची जागा घेणारी नम्रता रोज शिकायला येते. ती माझ्याशी थोडी मोठ्याने बोलते, मी बहिरा असल्यासारखी. होईल सवय.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. आमच्यासारखी यंत्रं बिघडली की माणसं आधी यंत्राला शिव्या देतात, मग चालवणाऱ्याला. दोन्ही करण्याआधी जरा पाण्याच्या वाटेने शेवटपर्यंत चालून बघा. आणि तुमच्या चपला तेवढ्या पायातच ठेवा.

चला, वरच्या वाडीतलं पाणी नाल्याला लागलंय आणि भरतीही चढतेय. नम्रताचं बोट बटणावर आहे. मोठा आवाज होईल, दचकू नका.