पॅसेजमधलं बिऱ्हाड

भावजयीने शिलाई मशीन तिरपं करून दाराबाहेर ओढलं, तेव्हा ताई पलंगावरच्या चादरीची घडी घालत होती.

"राग मानू नका हं, ताई. डॉक्टरच म्हणाले, ह्यांना वेगळी खोली पाहिजे."

"राग कसला? तो बरा व्हायला हवा."

मशीन पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटाला टेकलं. त्याला लागून ताईची गादी. नवऱ्याने टाकल्यावर ती भावाच्या दारात आली, तेव्हाही इथेच झोपायची. खोली मिळाली ती भावाला मूत्रपिंड दिल्यावर. तेव्हा भावजय येईल त्याला सांगायची, "आमच्या ताई म्हणजे देवमाणूस." मग भावाला ताप भरला, जुलाब लागले आणि तपासणीत विषाणू निघाला.

डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून समजावलं होतं. हा विषाणू पुष्कळांच्या अंगात निपचित पडून असतो, काही करत नाही. मूत्रपिंडाबरोबर तो भावाच्या शरीरात गेला. शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबलेली, विषाणूचं फावलं. दोष कुणाचाच नाही.

"म्हणजे आला ताईंकडूनच," भावजय म्हणाली.

घरी पोचेपर्यंत त्याचं 'ताईंनी दिला' झालं होतं.

भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. आता हातात चिमटा ठरत नव्हता, पण जीभ शाबूत होती.

"द्यायचं तर नीट पारखून द्यायचं ना, ताई. आपण भाजीसुद्धा दाबून घेतो."

भावजय हसली. ताईही हसली.

औषध लागू पडलं. विषाणू हटला. भावजयीने नातेवाइकांना फोन लावले, "वाचली हो आमची किडनी!" खोलीचा विषय मात्र कुणी काढला नाही.

एका सकाळी ताई मशीनवर बसल्या बसल्या खोकली. भावजय नाकाला ओढणी लावून स्वयंपाकघरातून धावत आली.

"घसा धरलाय? अहो, पुन्हा काही झालं तर किडनी जाईल!"

दुपारी भाऊ बंद दाराआडून बोलला.

"ताई, थोडे दिवस दुसरीकडे बघ ना. मावशीकडे वगैरे."

"मावशी गेली रे. मागच्याच वर्षी."

आत पलंग करकरला.

"मग बघ कुठेतरी."

ताईने पिशवी भरली. मशीन एकटीला उचलवणार नव्हतं. भावजय औषधं आणायला बाहेर पडली, तेव्हा ताईने सूप गरम केलं आणि मास्क बांधून त्याच्या खोलीत गेली. तो उठून बसला, भिंतीकडे सरकला.

"ठेव तिथे. गरम आहे ते."

"आई आजारी असायची, तेव्हा मीच भरवायचे तुला."

"ठेव ना, ताई."

ती पलंगाच्या कडेवर बसली. खोकल्याची उबळ आली, ती तिने खांद्यात तोंड खुपसून जिरवली. मग मास्क हनुवटीखाली ओढला, चमचा भरला आणि त्यावर सावकाश, पुष्कळ वेळ फुंकर घातली.

"आ कर."

त्याने दाराकडे पाहिलं. बायको यायला अवकाश होता. मग ताईकडे पाहिलं. ताईचा हात जराही हलत नव्हता.

त्याने तोंड उघडलं.